एकांतवासिनींची स्वप्ने

चांदा जिल्ह्याच्या जुन्या दफ्तरात अरण्याविषयी जितके लिहून ठेवले आहे तितके अरण्यातील माणसांविषयी नाही, आणि माणसांविषयी जे आहे त्यातही स्त्रियांच्या वाट्याला आलेला मजकूर फारच तुटपुंजा आहे. १८५४ मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा होऊन हा मुलूख कंपनी सरकारच्या अमलाखाली गेला. चार वर्षांनी अहेरीच्या जमीनदारीत बाबूराव शेडमाके यांनी उठाव केला आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला त्यांना फाशी देण्यात आले. पुढे मेजर ल्यूसी स्मिथ यांनी जिल्ह्याचा बंदोबस्त केला व १८६९ साली त्याचा सविस्तर अहवाल लिहिला. सागवानाची प्रत, बांबूची तोड, मोहाच्या झाडांवरचा हक्क, जमीनदाराने सरकारात भरावयाची टाकोळी, तळ्यांची व घाटांची अवस्था यांची मोजदाद त्या काळच्या अंमलदारांनी चिकाटीने केली, आणि तिची थोरवी नाकारण्याचे काही कारण नाही. परंतु ज्या प्रदेशात आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुका येतो, त्या सुरजागडच्या डोंगरांपासून अबुजमाडाच्या सीमेपर्यंत पसरलेल्या माडिया मुलखातील एखादी स्त्री महिन्यातून चार-पाच दिवस गावाच्या कडेला एकटी राहत असताना तिच्या मनात काय चालत असे, याची नोंद घेण्याचे कोणत्याही कचेरीला प्रयोजन वाटले नाही.

त्या राहण्याच्या जागेला आमच्याकडे कुर्माघर म्हणतात. एटापल्ली, भामरागड, धानोरा या तालुक्यांतील माडिया गावांत ती अजूनही आहेत. ऋतुकाळात स्त्रीने घरात पाऊल टाकू नये, चुलीला व पाण्याच्या भांड्यांना शिवू नये, देवकार्यात असू नये, आणि ते दिवस संपेपर्यंत गावापासून थोड्या अंतरावरील या झोपडीत राहावे, अशी रीत आहे. जेवण घरची एखादी बाई आणून ठेवते. सुरजागडच्या वाटेवरील एका गावात असे घर मी जवळून पाहिले, म्हणजे आतल्या बाईने नको म्हटले नाही तोवर उंबऱ्यापाशी बसले: कुडाच्या भिंती, त्यांवरचा लिंपलेला चिखल पावसाच्या बाजूने निखळलेला, दाराच्या जागी टेकवून ठेवलेली बांबूची ताटी, उभे राहिले तर डोके आढ्याला लागावे इतके ठेंगणे छप्पर, कोपऱ्यात एक जर्मनचे ताट व गडू, जी भांडी त्या घराबाहेर परत कधी जात नाहीत, आणि जमिनीवर एक चटई. खिडकी नव्हती, भिंतीत वीतभर मोकळे ठेवलेले भोक होते व त्यातून ऐनाच्या झाडाचा बुंधा दिसत होता. अशा घरांत सर्पदंशाने स्त्रिया दगावल्याच्या बातम्या या जिल्ह्याने अनेकदा वाचल्या आहेत. २०१५ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने या प्रथेची दखल घेतली, आणि अलीकडच्या काही वर्षांत काही गावांत पक्क्या भिंतींची, संडास व दिवा असलेली घरे स्वयंसेवी संस्थांनी बांधून दिली आहेत. पक्के घर बांधावे की प्रथाच मोडावी, हा वाद या भागात प्रामाणिकपणे चालू आहे. मला स्वतःला प्रथा जावी असे वाटते, पण ती जाईपर्यंत ज्या मुलीला आजची रात्र तिथे काढावयाची आहे तिच्या छपरातून पाणी गळू नये, हा आग्रह मला त्याहून निकडीचा वाटतो.

या लेखाचा विषय मात्र कुर्माघराचे छप्पर नसून त्याखाली पडणारी स्वप्ने हा आहे, आणि तो मनात येण्याचे निमित्त दूरच्या देशातून आले. माझा भाचा दिवाळीच्या सुटीत एटापल्लीला आला असता आपल्या संगणकावर एक जुना जपानी खेळ खेळत बसे. २००४ च्या जून महिन्यात किकियामा या टोपणनावाच्या कोणा एका व्यक्तीने एकटीने तयार करून विनामूल्य वाटलेला ‘युमे निक्की’, म्हणजे स्वप्नांची दैनंदिनी, नावाचा तो खेळ. त्याच्या कर्त्याविषयी जगाला आजही जवळजवळ काही ठाऊक नाही. खेळाची नायिका मादोत्सुकी ही लांब वेण्यांची लहान मुलगी एका खोलीत राहते. खोलीत पलंग आहे, मेज आहे, मेजावर वही आहे, एक दूरचित्रवाणी संच आहे, बाहेर छोटा सज्जा आहे. दाराकडे नेले की ती मान हलवून नकार देते, आणि खेळणाऱ्याने कितीही आर्जव केले तरी ते दार उघडत नाही. मग करावयाचे एकच उरते: तिला पलंगावर निजवावयाचे. स्वप्नात तेच दार उघडते, आणि पलीकडे काळोख्या जागेत वर्तुळाकार उभे असलेले बारा दरवाजे भेटतात. प्रत्येकामागे एक मुलूख आहे, कुठे बर्फ, कुठे वाळवंट, कुठे नुसते डोळेच डोळे, आणि त्या मुलखांना सीमा अशी नाही. सरळ चालत राहिले की माणूस निघाल्या ठिकाणी परत येतो. शत्रू, गुण, कामगिरी, संभाषण यांपैकी तिथे काही नाही. निरनिराळ्या ठिकाणी चोवीस वस्तू वा रूपे सापडतात. छत्री हाती आली की पाऊस पाडता येतो, सायकल आली की वेगाने जाता येते, मांजराचे रूप घेऊन पंजा हलविला की भोवतीचे जीव जवळ येतात. एका मुलखात अवकाशयानात एकटाच बसून पियानो वाजविणारा मनुष्य भेटतो. तो बोलत नाही, तीही बोलत नाही. स्वप्न असह्य झाले की ती स्वतःच्या गालाला चिमटा घेते आणि जागी होते, मेजाशी जाऊन वहीत लिहिते, आणि त्या लिहिण्यानेच खेळातील प्रगती जतन होते.

भाच्याच्या मते हा खेळ फार विचित्र होता. मला तो फार जुना वाटला. खोलीबाहेर न पडणाऱ्या स्त्रीने आपल्या स्वप्नांची वही ठेवावी, ही रीत जपानात संगणकापूर्वी हजार वर्षे चालत आलेली आहे.

दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्योतोच्या राजदरबारातील एका सरदाराच्या उपेक्षित पत्नीने ‘कागेरो निक्की’ लिहिली. तिचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. मिचित्सुना या मुलाची आई एवढीच तिची ओळख. नवरा येईल म्हणून पडद्याआड वाट पाहण्यात आयुष्य गेलेल्या त्या स्त्रीने इशियामाच्या देवळात रात्र काढली असता, देवळाचा पुजारी आपल्या उजव्या गुडघ्यावर पाणी ओततो आहे असे स्वप्न पाहिले व तसेच लिहून ठेवले. दुसऱ्या एका वेळी आपल्या पोटात साप फिरून यकृत खात आहे, असेही तिने पाहिले, आणि या स्वप्नांचे फळ शुभ की अशुभ हे आपल्याला कळत नाही, पण पुढे माझे काय झाले हे ऐकणारे ठरवतील की स्वप्नांवर भरवसा ठेवावा की नाही, अशा आशयाचे भाष्य केले. एकाकी माणसाने इतक्या निर्भयपणे आपले स्वप्न पुढच्या पिढ्यांच्या चौकशीसाठी रुजू करावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

तिच्याच नात्यातली, तिच्या बहिणीची मुलगी, १००८ साली जन्मली. सुगावारा नो ताकासुए या प्रांताधिकाऱ्याची ही कन्या. तिचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. वडिलांच्या नोकरीमुळे बालपण दूरच्या पूर्वेकडील प्रांतात गेले, तिथे तिने ‘गेंजी’ या गाजलेल्या दीर्घ कथेविषयी नुसते ऐकले आणि देवापुढे डोके टेकून एकच मागितले की राजधानीला नेऊन ती सारी कथा मला वाचावयास दे. राजधानीला आल्यावर नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईने पन्नासांहून अधिक खंडांची ती कथा तिला दिली, तेव्हा पडद्याआड एकटीने पडून, दिवसा डोळे उघडे असेपर्यंत आणि रात्री दिवा जळेपर्यंत ती वाचीत राहिली. त्याच दिवसांत स्वप्नात पिवळ्या वस्त्रातला एक भिक्षू आला आणि सद्धर्मपुंडरीक सूत्राचा पाचवा खंड लवकर शीक म्हणाला. तिने हे कोणाला सांगितले नाही व सूत्रही शिकले नाही. ती लिहिते की त्या वेळी माझे मन कथेत गुंतले होते. तिच्या आईने एक फूट व्यासाचा आरसा ओतवून घेतला आणि मुलीला स्वतः घेऊन जाणे जमत नाही म्हणून तिच्या वतीने स्वप्न पाहण्यासाठी एका भिक्षूला हासेच्या देवळात धाडले. त्याने परत येऊन सांगितले की एका कुलीन स्त्रीने त्याच आरशात दोन प्रतिमा दाखविल्या: एकीत कोणी जमिनीवर लोळत रडत होते, दुसरीत हिरवे पडदे, रंगीत वस्त्रे, बहरलेली झाडे आणि गाणारे पक्षी होते. मुलीने त्याकडे लक्ष दिले नाही. पुढे वयाची पन्नाशी उलटली, नवरा वारला, मुले दुरावली, तेव्हा तिने ‘साराशिना निक्की’ लिहिली, आणि तीत अकरा स्वप्ने ओळीने मांडली. आता तिला समजले होते की त्या आरशातील रडणारी प्रतिमा आपली होती. या पुस्तकात तिने दिनांकासह नोंदलेले स्वप्न एकच आहे, १०५५ सालच्या दहाव्या महिन्यातल्या तेराव्या रात्रीचे: घरासमोरच्या अंगणाच्या कडेला अमिताभ बुद्ध उभा होता, आणि आता मी परत जातो पण तुला न्यावयास पुन्हा येईन, असे तो म्हणाला. हे केवळ तिलाच ऐकू आले, इतरांना नाही.

पुरुषांतही अशी वही ठेवणारा एक होऊन गेला, आणि तो आपल्या देशाशी विलक्षण जोडलेला आहे. म्योए हा ११७३ साली जन्मलेला भिक्षू एकोणिसाव्या वर्षापासून सुमारे चाळीस वर्षे आपली स्वप्ने लिहीत राहिला. भारतात येऊन बुद्धाच्या भूमीचे दर्शन घ्यावे हा त्याचा ध्यास होता; चीनच्या राजधानीपासून राजगृहापर्यंतचे अंतर त्याने हिशेबाने काढले, दररोज आठ री (अंतराचे जपानी माप) चालल्यास सुमारे १००० दिवस लागतील असा पल्ला मांडला, आणि प्रवास दोनदा रहित झाल्यावर कोझानजीच्या अरण्यात, झाडाच्या फांद्यांत बसून ध्यान करीत, उरलेले आयुष्य काढले. ज्या भूमीवर पाय ठेवता आला नाही तिच्या वाटा त्याला स्वप्नांतच चालाव्या लागल्या.

ऋतुकाळात स्त्रीला वेगळ्या झोपडीत ठेवण्याची चाल जपानातही होती. समुद्रकाठच्या आणि बेटांवरच्या अनेक गावांत अशी घरे विसाव्या शतकापर्यंत टिकली. एटापल्लीत बसून हे वाचताना मला कुठलेही समाधान झाले नाही. पण अलगपणाच्या या चालीला कोणत्याही एका जमातीचे मागासलेपण समजणे किती चुकीचे आहे, ते मात्र पक्के झाले.

महाराष्ट्रात स्वप्ने नोंदविण्याच्या या परंपरेच्या सर्वांत जवळ कोणी असेल तर ती संत बहिणाबाई. वेरूळजवळच्या देवगावी शके १५५० मध्ये आऊजी कुलकर्ण्यांच्या घरी ती जन्मली, आणि कळू लागण्यापूर्वीच तिशीतल्या बिजवराशी, गंगाधरपंत पाठकांशी, तिचे लग्न झाले. भाऊबंदकीपायी आणि कर्जापायी कुटुंबाला देवगाव सोडावे लागले. पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर करीत ते कोल्हापुरास हिरंभटांच्या वाड्यात उतरले. तिथे एका कपिला गाईच्या वासराचा तिला लळा लागला, इतका की ती कीर्तनाला गेली तरी वासरू मागे जाई. कीर्तनकार जयरामस्वामींनी भर सभेत दोघांच्याही डोक्यावरून हात फिरविला, गावात बोभाटा झाला, आणि नवऱ्याने वेणी धरून तिला मारले व बांधून टाकले. ती तेव्हा जेमतेम अकरा वर्षांची होती. वासराने चारा सोडला व ते मेले. ती निश्चेष्ट पडून राहिली, आणि त्या अवस्थेत, कार्तिक वद्य पंचमीला, रविवारी, जिला त्यांनी कधी पाहिले नव्हते आणि जिने त्यांना कधी पाहिले नव्हते अशा तिच्या स्वप्नात तुकोबा आले, मस्तकी हात ठेवून त्यांनी कानात मंत्र सांगितला. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राचा उपदेश घ्यावा, तोही स्वप्नात, ज्याला साक्षीदार नाही आणि ज्याला प्रतिबंध करता येत नाही! दोरीने बांधलेल्या मुलीला कोल्हापुराहून देहूला जाण्याचा अन्य कोणताही मार्ग त्या वेळी मोकळा नव्हता.

खुद्द तुकोबांनाही गुरूचा उपदेश स्वप्नातच झाला होता, माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी. गुरू बाबाजींनी भोजनासाठी पावशेर तूप मागितले आणि आपल्याला स्वप्नात त्याचा विसर पडला, असे ते सांगतात. साक्षात्काराच्या त्या वर्णनात पावशेर तुपाचा हिशेब राहून गेला आहे, म्हणूनच ते वर्णन मला पूर्णपणे खरे वाटते. रचलेल्या स्वप्नात कोणी तूप विसरत नाही. बहिणाबाईच्या आत्मनिवेदनातही हीच सचोटी आहे. शके १६२२ मध्ये, वैजापूर परगण्यातल्या शिऊर गावी, बहात्तराव्या वर्षी मरण जवळ आले असता तिने मुलाला, विठोबाला, जवळ बोलावून आपले मागचे बारा जन्म एकेक करून सांगितले. एका खोलीतून बारा दारे उघडावीत तसे ते कथन आहे, आणि जपानी खेळातील बारा दरवाजे पाहताना मला त्याची आठवण झाली, याला योगायोगापलीकडे अर्थ नसेलही.

बृहदारण्यकात याज्ञवल्क्य जनकाला सांगतो की स्वप्नात रथ नसतात, घोडे नसतात, रस्ते नसतात, तरी निजलेला पुरुष रथ, घोडे आणि रस्ते स्वतःच निर्माण करतो. तत्त्वज्ञांनी त्या वचनावर पुष्कळ भाष्ये केली. ज्यांना रथ, घोडे व रस्ते जागेपणीही उपलब्ध होते अशांनीच ती केली, हे विसरता येत नाही. पडद्याआडच्या जपानी स्त्रीला, नवऱ्याने बांधून ठेवलेल्या बहिणाबाईला आणि खोलीतून न निघणाऱ्या मुलीला त्या वचनाचा जो अर्थ लागला असता तो भाष्यकारांना लागला असेल असे मला वाटत नाही.

मादोत्सुकीचे दार बाहेरून कोणी लावलेले नाही, एवढा फरक मोठा आहे. तिचा देश गेल्या तीस वर्षांत अशा माणसांविषयी चिंतेत आहे. सहा महिने किंवा अधिक काळ घराबाहेर न पडणाऱ्या तरुणांच्या अवस्थेवर सैतो तामाकी या मनोविकारतज्ज्ञाने १९९८ मध्ये पुस्तक लिहिले, आणि २०१६ मध्ये जपान सरकारने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १५ ते ३९ वयोगटातील अशा व्यक्तींची संख्या सुमारे ५,४१,००० असल्याचा अंदाज दिला गेला. खेळ मात्र तिच्या न निघण्याचे कारण सांगत नाही. आणि चोवीसही वस्तू गोळा करून त्या बारा दरवाजांच्या मध्ये तिने ठेवून दिल्या की जागेपणीच्या सज्ज्यावर पायऱ्या दिसू लागतात. ती त्या चढते आणि खाली उडी घेते. पहिल्यांदा तो शेवट पाहिला तेव्हा मी भाच्याला संगणक बंद करावयास सांगितले, आणि नंतर बराच वेळ त्याच्याशी बोलत बसले. ताकासुएच्या मुलीने व बहिणाबाईनेही मरण डोळ्यांसमोर पाहिले होते, परंतु त्यांच्या स्वप्नांना ऐकणारा कोणी होता: एकीला वाचक, दुसरीला मुलगा आणि तिच्यामागे सारा वारकरी समाज. मादोत्सुकीच्या वहीत सर्व लिहिलेले आहे आणि ते कोणी वाचत नाही. तिच्या एकांताची तीव्रता खोलीत नाही, या न वाचल्या जाण्यात आहे, आणि तो खेळ खेळणाऱ्या लाखो तरुणांना तिच्याविषयी जी माया वाटते, जिच्यापोटी त्यांनी २००७ पासून आपापले मुलूख जोडून त्या खेळाचा सामुदायिक उत्तरभाग बांधीत आणला आहे, ती माया म्हणजे त्या वहीला उशिराने मिळालेला वाचकच होय.

कुर्माघरात याच्या उलट आहे. एका गावात घर एकच असले तर दोघीतिघी एकाच वेळी तिथे असतात. सासू नाही, नवरा नाही, पोरे दूरवर उभी. अंधार पडल्यावर बोलण्याखेरीज दुसरे करण्यासारखे नाही. अशा ठिकाणी सकाळी उठून आदल्या रात्रीचे स्वप्न कोणी कोणाला सांगत नसेल, हे मला पटत नाही. ऐकणारे आहे, लिहिलेले काही नाही. वेरियर एल्विन यांनी तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातील करंजियाला राहून बैगांच्या स्वप्नांवर १९३७ मध्ये इंग्लंडातील वैद्यकीय मानसशास्त्राच्या एका नियतकालिकात निबंध लिहिला, बस्तरच्या मुरियांवर व त्यांच्या गोटूल या युवागृहावर १९४७ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रिगसन यांनी त्यापूर्वी, १९३८ मध्ये, बस्तरच्या माडियांवर लिहिले. त्या कामाला तोड नाही. तरीसुद्धा परक्या पुरुषाने दुभाष्यामार्फत विचारलेले आणि कोणी लाजत, कोणी त्याला खूश करण्यासाठी सांगितलेले स्वप्न आणि दोन मैत्रिणींनी चटईवर पडल्यापडल्या एकमेकींना सांगितलेले स्वप्न यांची प्रत एक नसते. आमच्या बाजूला, गडचिरोलीच्या हद्दीत, तेवढेही झालेले नाही.

हे काम कोणी करावयाचे असेल तर ते माडिया मुलींनीच, माडिया भाषेत करावे, आणि कुर्माघरे नाहीशी होण्याची वाट पाहत बसू नये, कारण जी आज सत्तरीची आहे तिच्यापाशी तिथल्या कित्येक वर्षांच्या रात्री साठलेल्या आहेत. अडचण लिपीची सांगतात. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ पासून स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा चालविली आहे, आणि एटापल्लीच्या आश्रमशाळांतून देवनागरी लिहू शकणाऱ्या मुली दरवर्षी शेकड्याने बाहेर पडतात; गोंडी वा देवनागरी, कोणतीही लिपी या कामाला पुरेल. काय लिहावे, काय लिहू नये आणि लिहिलेले कोणाला दाखवावे, हे त्या घरात बसणाऱ्या बायकांनी ठरवावे. आमच्यासारख्या बाहेरच्यांनी कोऱ्या वह्या पुरवाव्यात, आणि मागितल्याशिवाय त्या उघडून पाहू नयेत.